नांव आणि ओळख

नांवाला फारसें महत्त्व देऊं नये, असें सांगण्याची विद्वानांत जुनी रीत आहे. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आरुणि आपल्या मुलाला मातीच्या भांड्यांचा दृष्टांत देतो. घट काय, शराव काय, हीं बोलण्यापुरतीं नांवें, खरी ती माती, असें त्याचें तात्पर्य. मिलिंदपञ्हांत नागसेन भिक्षु यवन राजाला विचारतो कीं, चाक, आंस, जूं यांपैकीं रथ कोणता. आणि रथ हें जसें व्यवहारापुरतें नांव, तसेंच नागसेन हेंहि, असें त्याच्या गळीं उतरवितो. शेक्सपिअरची एक नायिका सज्जांत उभी राहून प्रेमाच्या भरांत तोच विचार बोलून दाखविते. त्याच नाटकाच्या अखेरीस दोन घराण्यांच्या नांवांनीं त्या दोघां तरुण जिवांचा बळी घेतलेला असतो. परंतु आम्ही अध्यापक सज्जांतल्या भाषणावर जितका वेळ घालवितों, तितका त्या शेवटावर घालवीत नाहीं. मीहि पंचवीस वर्षांहून अधिक काळ विद्यार्थ्यांना 'नांव म्हणजे केवळ एक खूण' असें मोठ्या आत्मविश्वासानें सांगत आलों. तीन वर्षांपूर्वीं एका दुपारीं मीं जें केलें, त्यानंतर तें वाक्य माझ्या तोंडून पूर्वींसारखें सहज निघत नाहीं.

मी धुळ्यास एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. त्या वर्षीं प्रवेश-समितीचें काम माझ्याकडे होतें. जून संपत आला होता, दाराबाहेर रांग होती, आणि एक तरुण स्त्री एम्. ए. च्या वर्गासाठीं अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशीं आली. सोबत तिची आई होती. शाळा सोडल्याचा दाखला आणि बी. ए. ची गुणपत्रिका यांवर तिचें माहेरचें नांव होतें. आधार कार्डावर निराळेंच. आडनांव निराळें, मधलें नांव निराळें, आणि पहिलें नांवहि निराळें. जळगांवास तिचें लग्न झालें तेव्हां ताटांत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनें नवें नांव लिहिलें गेलें होतें. पुढें तेंच आधारावर चढलें. दोन वर्षांपूर्वीं ती नवऱ्याचें घर सोडून माहेरीं परत आली होती. लग्नाचा दाखला सासरीं राहिला होता, आणि तो मिळण्याची आशा नव्हती. तिचें नांव मी येथें देत नाहीं. द्यावें म्हटलें तरी कोणतें द्यावें, हा प्रश्न त्या दिवशीं मीं स्वतःच तिच्यापुढें उभा केला होता.

मी तिला ओळखत होतों. हें मला स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण या लेखाचें सारें मूळ त्यांत आहे. तीन वर्षें ती माझ्या वर्गांत बसली होती. तिचे निबंध मीं तपासले होते. गुण कोठें कापले तें विचारावयास ती तास संपल्यावर हटकून येई. तिनें कागद पुढें ठेवले तेव्हां मीं तिला तिच्या जुन्या नांवानेंच हांक मारून खुशाली विचारली. आणि त्यानंतर ते दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवून मी म्हणालों, "अगोदर तूं कोण तें ठरव, मग ये." शेजारचे कारकून हंसले. मलाहि आपला विनोद बरा वाटला. ती म्हणाली, "सर, मी तीच आहें." तिची आई अहिराणींत म्हणाली, "नाव बदलनं म्हणून पोर बदलनी का?" मीं नियम सांगितला, राजपत्रांत नांव छापून आणावयास सांगितलें, आणि पुढचा अर्ज हातीं घेतला. चार दिवसांनीं मुदत संपली. तिचें वर्ष गेलें.

त्या रात्रीं मला छांदोग्यांतीलच दुसरी कथा आठवली. तीहि प्रवेशाचीच कथा आहे. सत्यकाम गुरुगृहीं जावयास निघाला तेव्हां त्यानें आईला आपलें गोत्र विचारलें. जबालेनें सांगितलें कीं, तारुण्यांत पुष्कळांच्या घरीं सेवा करीत हिंडत असतां तूं मला झालास. गोत्र मला ठाऊक नाहीं. माझें नांव जबाला आणि तुझें सत्यकाम, तेव्हां तूं आपणांस सत्यकाम जाबाल असें म्हणव. मुलानें हारिद्रुमत गौतमापुढें जाऊन हें सारें जसेंच्या तसें सांगितलें. गोत्र विचारण्याची रीत गौतमालाहि पाळावयाची होती, आणि ती त्यानें पाळली. परंतु उत्तर रीतींत बसत नाहीं असें दिसतांच त्यानें मुलाकडे पाहिलें, आणि त्याचें खरें बोलणें हाच त्याचा दाखला मानला. गौतमानें सत्यकामाला समिधा आणावयास सांगितलें. मीं तिला छायाप्रती आणावयास सांगितलें.

येथें कोणी म्हणेल कीं, हें सारें अरण्यांतल्या आश्रमांत ठीक. तेथें शिष्य मोजके आणि गुरु एक. आजच्या कचेरीपुढें हजारों माणसें येतात, त्यांचीं तोंडें ओळखीचीं नसतात, आणि त्यांत लबाडहि असतात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो हलका नाहीं. नांवाबरोबर वचनें चालतात. कर्ज नांवावर असतें, जामीनकी नांवावर असते, गुन्हाहि नांवावर असतो. नांव टाकतांच हें सारें टाकतां आलें, तर जगांत कोणी कोणावर विश्वास ठेवणार नाहीं. लॉकनें आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तींत व्यक्तीच्या एकत्वाचा विचार नव्यानें घातला, तेव्हां व्यक्ति हा शब्द मुळांत न्यायालयाचा आहे, असें त्याचें म्हणणें होतें. काल केलेल्या कृत्याबद्दल आज कोणी उत्तर द्यावयाचें, हा प्रश्न सोडविण्यासाठीं तो हवा. आपल्या जुन्या हिंदु कायद्यांत संन्याशाला या उत्तरदायित्वांतून मोकळें केलें होतें. संन्यास घेणें हा त्या कायद्याच्या दृष्टीनें मृत्युच, आणि नवें नांव घेतलेल्या त्या माणसाचा वारसा तो जिवंत असतांनाच उघडा होई.

आपल्या भाषेंत लग्न झालेल्या स्त्रीच्या माहेरच्या नांवाला 'पूर्वाश्रमीचें' म्हणण्याची जी चाल आहे, ती मला या संदर्भांत विलक्षण वाटते. संन्याशाचा शब्द तिला दिला, पण संन्याशाची मोकळीक दिली नाहीं. तिचें नांव गेलें. आईबापांविषयींचें कर्तव्य, शिकलेली विद्या, झालेले आजार, सारें मागल्या नांवाचें नव्या नांवाखालीं चालूच राहिलें. उलट तिचे हक्क मात्र मागल्या नांवाशीं अडकून पडले. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. परंतु सातबाऱ्यावर वारस म्हणून नांव चढविण्याची वेळ येते तेव्हां, लेक म्हणून कागदांत असलेली ती आणि आज समोर उभी असलेली ही एकच, हें तिलाच शाबीत करावें लागतें. ज्याला हिस्सा द्यावयाचा नसतो, त्याला ही फट पुरते. म्हणून नांव कशाला तपासावें, नोंद कशाला ठेवावी, असें मी म्हणत नाहीं. नोंद नसती तर या बाईचें नुकसान अधिकच झालें असतें. माझा प्रश्न वेगळा आहे. नोंद कागद जुळतात कीं नाहीं हें पाहते, कीं माणूस खरें आहे कीं नाहीं हें पाहते?

या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा पुरावा मी स्वतः आहें. खेड्यांतील माझ्या पिढीच्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेंत नांव घालतांना बापाला तारीख सांगतां येत नसे. मग गुरुजी मुलाकडे पाहून अदमासानें वर्ष घालीत आणि दिवस मात्र ठरलेला, १ जून. माझाहि जन्म असाच १ जूनचा आहे. आई सांगे कीं, मी झालों तेव्हां घरांत कापूस वेंचून आणला होता. म्हणजे दिवस थंडीचे असले पाहिजेत. तरी शाळेचा दाखला, पदवी, नोकरीचें पुस्तक, पारपत्र, आधार, सर्वत्र १ जून. माझे सारे कागद एकमेकांशीं तंतोतंत जुळतात, आणि या एका बाबतींत सारे खोटे आहेत. तिचे कागद जुळत नव्हते, आणि सारे खरे होते. सत्य म्हणजे वस्तुस्थितीशीं मेळ, कीं विधानांचा आपसांतला मेळ, असा वाद तत्त्वज्ञानांत आहे. कचेरीनें त्या वादांत कधींच दुसरा पक्ष घेतला आहे, आणि त्या दुपारीं मीहि तोच घेतला.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. नांव बदलल्याबद्दल जाब व्यक्तीलाच द्यावा लागतो. संस्थांना आणि प्रदेशांना कोणी विचारीत नाहीं. माझा जन्म शहादें तालुक्यांतला. वडिलांच्या जुन्या कागदांवर त्या गांवाचा जिल्हा पश्चिम खानदेश आहे, माझ्या दाखल्यावर धुळें आहे, आणि १ जुलै १९९८ पासून तें गांव नंदुरबार जिल्ह्यांत आहे. माझी पदवी पुणें विद्यापीठाची; त्या विद्यापीठाला २०१४ सालीं सावित्रीबाई फुले यांचें नांव मिळालें. जळगांवचें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालें आणि २०१८ सालीं त्याला बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. दोन्ही नांवें योग्यच दिलीं गेलीं, आणि नांवाला किंमत नाहीं म्हणणाऱ्यानें मराठवाडा विद्यापीठाच्या नांवासाठीं १९९४ पर्यंत किती वर्षें आणि किती जीव खर्चीं पडले तें आठवावें. मला म्हणावयाचें तें इतकेंच कीं, जुन्या नांवाची पदवी घेऊन कोणी गेला तर 'हें विद्यापीठ तेंच कशावरून?' असें त्याला कोणी विचारीत नाहीं. तें सर्वांना ठाऊक असतें. बदल एकदां जाहीर झाला, आणि पुढें तो ध्यानांत ठेवण्याचा भार सर्वांनीं आपल्यावर घेतला. बहिणाबाई असोद्याच्या महाजनांची लेक. विद्यापीठाला मिळालें तें त्यांचें सासरचें नांव. त्यांना लिहितां येत नव्हतें, कवितेखालीं सही करण्याचा प्रसंग आला नाहीं, आणि तरी त्या ओव्या कोणाच्या याविषयीं खानदेशांत कोणाला शंका नाहीं.

सरकारला नांवांचें मोल कळत नाहीं, असेंहि नाहीं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हां अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगून स्वतःचें नांव न देणाऱ्या सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. हा निर्णय त्या वेळीं कठोर वाटला असेल. परंतु मत हें अमक्याच्या बायकोचें नसतें, तें त्या बाईचें असतें, हें तत्त्व त्यांतून उभें राहिलें. २०११ सालच्या ऑक्टोबरांत साताऱ्यास जिल्हा परिषदेनें २८५ मुलींचें नामकरण केलें. त्या सर्वांचीं नांवें नकोशी किंवा नकुशा अशीं होतीं. मुलगा हवा असतां मुलगी झाली, हा घरचा विषाद त्या पोरींनीं रोज हजेरीच्या वेळीं ऐकावयाचा होता. आणि मार्च २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें असें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें प्रथम आईचें नांव, मग वडिलांचें आणि मग आडनांव, या क्रमानें नोंद व्हावी. जबालेनें आपल्या मुलाला जें दिलें, तें या नियमानें आतां प्रत्येक मुलाला आपोआप मिळेल.

म्हणजे नांव बदलण्याचा हक्क आज कोणी नाकारीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२१ सालीं परीक्षा-मंडळाच्या प्रमाणपत्रांविषयींच्या एका निकालांत, नांव हा माणसाच्या ओळखीचा अंगभूत भाग आहे असें सांगितलें. अडचण आहे ती बदलानंतरच्या वाटेंत. प्रतिज्ञापत्र करावें, पुरावे जोडावे, शुल्क भरावें, आणि मग महाराष्ट्र शासन राजपत्रांत जुनें नांव व नवें नांव छापून येतें. एवढ्यानें काम व्हावें. पण येथें तें सुरू होतें. आधार निराळें, पॅन निराळें, मतदार-यादी, बँकेचें खातें, शिधापत्रिका, पारपत्र, प्रत्येक दार निराळें, आणि प्रत्येक दारीं तेंच पान दाखवून मी मीच आहें हें पुनः सांगावयाचें. पॅनवर एक नांव आणि आधारावर दुसरें असेल तर त्या दोहोंची जोडणी होत नाहीं. आधारांत नांव बदलण्याची सोय सामान्यतः आयुष्यांत दोनदांच आहे. लग्नांत एकदां बदललें, घर मोडल्यावर दुसऱ्यांदां. पुढें पुन्हां संसार मांडला तर सोपी वाट संपली.

हें आधार आमच्याच मुलखांत जन्मलें, हें वाचकांना स्मरत असेल. २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादें तालुक्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं देशांतील पहिले बारा आंकडी क्रमांक देण्यांत आले. त्या वेळीं सांगितलेला हेतु उदात्त होता: ज्याच्याजवळ कोणताच कागद नाहीं, त्यालाहि मी अमुक आहें असें म्हणतां यावें. आणि खरें पाहतां या क्रमांकानें आमच्या जुन्या प्रश्नाचें उत्तर हातीं दिलें आहे. नांव बदलतें, क्रमांक बदलत नाहीं. बोटांचे ठसे तेच राहतात. उद्दालकाच्या भाषेंत बोलावयाचें तर माती सांपडली आहे. मग घटाचें नांव बदललें म्हणून इतकी धावाधाव कशासाठीं? ज्या नोंदीला माणूस बोटाच्या ठशावरून ओळखूं येतो, तिला त्याचें मागलें नांव आणि पुढलें नांव एकाच धाग्यांत ओवून ठेवणें अवघड नसावें; आणि एका दारीं पटलेली गोष्ट इतर दारांना कळविण्याचें काम त्या दारांनींच आपसांत करावें.

माझ्या विचाराचा निष्कर्ष असा. माणसानें नांव बदललें तरी त्यानें आपलीं देणीं टाकूं नयेत. आणि समाजानें त्याचें नांव बदललें म्हणून त्याचें येणें बुडवूं नये. यासाठीं जुनें नांव पुसून टाकणें बरें नव्हे. तें नोंदींत राहावें. परंतु तें नोंदीच्या पोटांत राहावें, कपाळावर नव्हे. साताऱ्याच्या एखाद्या मुलीला नोकरीच्या प्रत्येक मुलाखतींत 'पूर्वीं नकोशी' असें सांगावें लागलें, तर तें नामकरण अर्धेंच झालें. शंका घेणें हा कचेरीचा धर्म आहे, आणि तो तिनें एकदां नीट पाळावा. एकदां निरसन झालेली शंका दर दारीं पुनः घेणें यांत सावधपणा नाहीं. तो अपमान आहे, आणि तो बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो ज्यांचें नांव इतरांनीं बदललें.

आणि शेवटची गोष्ट माझ्यासारख्यांसाठीं. प्रतिज्ञापत्राच्या तळाशीं एक ओळ असते. प्रतिज्ञा करणाराला मी ओळखतों, असें म्हणून कोणी तरी तेथें सही करावयाची असते. इतके ठसे आणि इतके क्रमांक आले तरी कायद्यानें ती ओळ पुसली नाहीं. कागदाला कागद साक्ष देत जातो, पण ती साखळी कोठें तरी माणसाच्या ओळखीला टेकावी लागते, हें कायदा जाणतो. त्या दुपारीं मला नियम मोडावयाचा नव्हता. तिचा अर्ज तात्पुरता ठेवून घेतां आला असता, प्रतिज्ञापत्र कोठें करावें तें सांगतां आलें असतें, आणि त्या ओळीवर मला सही करतां आली असती. तीन वर्षांची ओळख असून मीं ती जागा कोरी ठेवली. नियमानें मला अडविलें नव्हतें. नियमाआड उभें राहणें मला सोईचें वाटलें होतें.

पुढच्या वर्षीं जूनमध्यें ती परत आली. राजपत्राचें पान तिनें टेबलावर ठेवलें. पहिलें नांव तिचें जुनेंच होतें. त्यापुढें आईचें, मग वडिलांचें, आणि मग आडनांव. नव्या नियमाचें तिला बंधन नव्हतें, तिनें आपण होऊन तो क्रम घेतला होता. आई या खेपेसहि सोबत होती, आणि आपलें नांव छापलेली ती ओळ मुलीनें बोट ठेवून तिला दाखविली. मागल्या वर्षाविषयीं ती एक अक्षर बोलली नाहीं. मीं तिची क्षमा मागितली, आणि ती कारकुनांच्या देखत मागितली, कारण विनोदहि त्यांच्या देखतच केला होता. ती म्हणाली, "असूं द्या, सर," आणि अर्जावर सही करूं लागली.

तेव्हांपासून नांव न जुळणारा अर्ज आला म्हणजे मी प्रथम वर पाहतों, आणि मग कागद पाहतों.